वाडीच्या गोडाऊनमध्ये आरएफआयडी घ्यावं का: आधी क्रेट, पेट्या नंतर, बारकोड राहू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नागपूरजवळ वाडीला गोडाऊन आहे, तीन-चार कंपन्यांचा माल ठेवता, बिस्किटं, साबण, खाद्यतेल, आणि तो अमरावती, यवतमाळ, चंद्रपूरपासून तिकडे छिंदवाडा-बालाघाटपर्यंत जातो. डिस्पॅचच्या गिणतीत फरक येतो, प्लास्टिकच्या क्रेट गेल्या की परत येत नाहीत, आणि एक वेंडर मागे लागला आहे की आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींवर वाचले जाणारे टॅग, लावा, शंभर टक्के रीड, बारकोड फेकून द्या. तुम्ही विचारलं की खरंच घ्यावं का, आणि सप्लाय चेनमध्ये हे नेमकं कुठे कामाला येतं. भाऊ, मी हेच काम करतो, बुटीबोरी, हिंगणा, मिहान, वाडी सगळीकडे रीडर बसवले आहेत, त्यामुळे जरा लांबलचक सांगतो.

सरळ उत्तर आधी. घ्या, पण क्रेटपासून सुरू करा, पेट्यांना इतक्यात हात लावू नका आणि बारकोड काढू नका.

आरएफआयडीचा टॅग म्हणजे एक बारीकशी चिप आणि तिला जोडलेला पातळ अँटेना, आत बॅटरी वगैरे काही नाही. रीडरच्या अँटेनातून निघालेल्या लहरींवरच ती चिप जागी होते आणि त्याच लहरी कमीजास्त परतवून आपला नंबर सांगते. म्हणून तो स्वस्त पडतो, वर्षानुवर्षं चालतो आणि बारकोडसारखा गनसमोर धरावा लागत नाही. गोडाऊनमध्ये आपण वापरतो तो यूएचएफवाला, ८६० ते ९६० मेगाहर्ट्झचा, चांगलं लेबल मोकळ्या हवेत पाच-सात मीटरवरून आरामात वाचतं आणि सेकंदाला शेकडो टॅग वाचून होतात. मेट्रोचं कार्ड टॅप करता ते १३.५६ मेगाहर्ट्झचं, त्याची रेंजच काही सेंटीमीटरची, ते इथे कामाचं नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. हे मोजायचं यंत्र आहे, आणि मोजणीतून पैसा वाचतो तो जिथे माल एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जातो तिथे. पाच पेट्या कमी भरल्या हे भांडण रॅकजवळ कधी होत नाही, ते दारात होतं, ड्रायव्हर आणि गोडाऊन कीपरमध्ये, नाहीतर चार दिवसांनी पांढरकवड्याच्या दुकानदाराचा फोन येतो तेव्हा होतं आणि तोवर कोणाच्या हातून काय सुटलं ते सांगायला कोणी नसतं. आरएफआयडी जिथे जिथे टिकलं तिथे ते या हातबदलाच्या जागेवर बसलेलं दिसेल. सगळ्या मालाला टॅग लावू मग बघू काय होतं ते, असं म्हणून जे प्रोजेक्ट सुरू होतात ते साधारण पहिल्या वर्षाच्या बजेटसोबतच संपतात.

सगळ्यात जवळचं उदाहरण तुमच्या ट्रकच्या काचेवर चिकटवलेलं आहे. फास्टॅग हा याच जातीचा टॅग आहे, तोच यूएचएफ, तोच प्रोटोकॉल. १६ फेब्रुवारी २०२१ पासून तो टोलवर सगळ्यांना सक्तीचा झाला, आणि बोरखेडीच्या टोलवर रोज हजारो गाड्यांवर जे होऊन राहिलं आहे ते तुमच्या गोडाऊनच्या दारात होऊ शकतं यात शंका नाही. पण तिथे काय काय सोपं केलेलं आहे तेही बघा. एक गाडी, एक टॅग, तो काचेवर ठरलेल्या जागी, गाडी एका लेनमध्ये, वेग कमी, अँटेना वरून बरोबर काचेकडे झुकवलेला. माणसाने जागा आणि रस्ता बांधून दिला म्हणून टॅग वाचला जातो. तुमच्या दारात हमाल पाठीवर पेटी घेऊन वाट्टेल त्या बाजूने जातो, तिथे हे बांधून कोण देणार, त्याच्याबद्दल खाली सांगतो.

दुसरं उदाहरण कोळशाचं. वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचं, मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे, आणि कोल इंडियाच्या कंपन्यांनी खाणीच्या काट्यांवर टॅग आणि बूम बॅरियर जोडले आहेत. ट्रक काट्यावर आला की टॅगवरून गाडी ओळखली जाते, तिच्या नावावर ऑर्डर असेल तरच दांडा उघडतो, रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं वजन थेट सिस्टीममध्ये जातं, कोणी नंबर हाताने टाइप करत नाही. इथे टॅगने कोळसा मोजला नाही, कोळसा काट्यानेच मोजला, टॅगने फक्त एवढं पक्कं केलं की हे वजन याच गाडीचं आहे. माझ्या मते पुष्कळ धंद्यांत आरएफआयडीचं खरं काम एवढंच असतं आणि एवढंच पुरेसं असतं.

तिसरं कंटेनरचं. आपल्याकडून मिहानच्या कॉनकॉर (कंटेनर कॉर्पोरेशन) डेपोतून कंटेनर रेल्वेने मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदराला जातात. जेएनपीटीला जुलै २०१६ मध्ये लॉजिस्टिक्स डेटा बँक सुरू झाली, कंटेनरला टॅग लागतो, बंदराच्या गेटवर, टोलनाक्यांवर, इनलँड डेपोच्या गेटवर रीडर आहेत, आणि कंटेनर नंबर टाकला की तो शेवटचा कुठे दिसला ते कळतं. त्याच्यानंतर २०१७ मध्ये कस्टम्सने एक्स्पोर्टरला स्वतःच्या फॅक्टरीत कंटेनर सील करायची मुभा दिली, त्यासाठी आरएफआयडीवालं बोल्ट सील लागतं, एकदाच वापरायचं, त्यात सीलचा नंबर, आणि सिस्टीममध्ये त्या नंबरासमोर एक्स्पोर्टरचा कोड, शिपिंग बिल, कंटेनर, गाडी हे सगळं जोडलेलं. बंदरावर अधिकारी रीडर धरतो, सील धडधाकट आहे की छेडछाड झाली ते दिसतं. पूर्वी सील करायला अधिकाऱ्याची वाट बघत बसायचो ते वाचलं. बुटीबोरीतून धागा किंवा मशिनरी बाहेर पाठवणाऱ्यांना याचा जेवढा फायदा झाला तेवढा मला वाटतं दुसऱ्या कशाचा झाला नसेल. रेल्वेनेही वॅगनांना टॅग लावायला घेतले आहेत, रुळाच्या कडेला रीडर, वॅगन पास झाली की नोंद, पण त्यावर इथे जास्त लिहित नाही.

आणि जिथे अडकलं ते पण सांगतो कारण तुमचा वेंडर ते सांगणार नाही. जून २००३ मध्ये वॉलमार्टने जाहीर केलं की जानेवारी २००५ पर्यंत आमच्या पहिल्या शंभर सप्लायरनी पेट्या आणि पॅलेटवर टॅग लावूनच माल पाठवायचा. त्या काळात टॅग महाग होता, पुष्कळ सप्लायरनी काय केलं तर ट्रक निघायच्या आधी पेट्यांवर टॅग चिकटवले आणि पाठवून दिले, स्वतःच्या कारखान्यात त्याचा वापर शून्य, म्हणजे खर्च यांचा आणि फायदा त्यांचा. दुकानाच्या बाजूने फायदा झाला होता, अर्कान्सा विद्यापीठाच्या अभ्यासात शेल्फवर माल नसण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी झालं असं आलं, पण ज्याने पैसे भरले त्याच्या खिशात काहीच नाही. तो कार्यक्रम मंदावला. पुढे २०१० च्या सुमारास वॉलमार्ट परत आलं ते कपड्यांच्या एकेका नगावर, आणि तिथे ते चाललं, कारण जीन्सचे सहा साइज, चार रंग, एकावर एक घडी, तिथे बारकोडने रोज मोजणं माणसाला शक्यच नाही आणि कापड रेडिओ लहरींना अडवत नाही. डेकॅथलॉनमध्ये गेले असाल तर टोपलीत माल टाकला की एका झटक्यात बिल होतं ते तेच.

वेंडरशी बोलताना म्हणून पहिला प्रश्न हा ठेवा की टॅगचे पैसे कोण भरणार आणि फायदा कोणाला होणार. तुम्ही मधले. कंपनीचा माल येतो, तुम्ही ठेवता, पाठवता. पेटीवर तुम्ही टॅग लावला तर ती पेटी तुमच्या दारातून एकदा जाणार आणि टॅग कायमचा गेला. समजा दिवसाला २,००० पेट्या निघतात आणि लेबल लावून सगळा खर्च पेटीमागे ७ रुपये, तर रोजचे १४,००० झाले, महिन्याच्या २५ दिवसांचे साडेतीन लाख. तुमचा गिणतीतला फरक महिन्याला साडेतीन लाखांचा आहे का? नसेल तर विषय संपला. आता क्रेट बघा. समजा तुमच्या ३,००० क्रेट आहेत, पक्का टॅग २५ रुपयांचा, एकदाच ७५,००० खर्च, आणि तो टॅग क्रेटसोबत जातो येतो, जातो येतो, वर्षानुवर्षं. क्रेट ३०० रुपयांची धरली तर अडीचशे क्रेट वाचल्या की टॅगचे पैसे निघाले, रीडरचा खर्च वेगळा. आकडे तुमचे तुम्ही टाका, पण जी वस्तू परत येते तिच्यावरचा टॅग फुकटात पडत जातो, जी जाते तिच्यावरचा दरवेळी नवा विकत घ्यावा लागतो. हिंगण्यात ऑटो पार्टसवाले ट्रॉली आणि बिनवर टॅग लावतात, आतल्या पार्टवर नाही, कारण हेच आहे.

शिवाय क्रेट वाचायलाही सगळ्यात सोपी. प्लास्टिक लहरींना जवळजवळ अडवतच नाही. रिकाम्या क्रेट एकात एक घालून परत येतात, तो अख्खा ढीग ढकलत दारातून नेला तरी वाचला जातो, फक्त एक जपा, एकात एक घातल्यावर टॅग एकमेकांना चिकटायला नको, दोन-तीन सेंटीमीटर अंतर राहील अशी जागा निवडा, कारण दोन टॅग अगदी लागून आले की एकमेकांचा अँटेना बिघडवतात आणि दोन्ही कमजोर होतात. कागदी लेबल लावू नका, धुतलं की गेलं. रिव्हेटचा किंवा वेल्ड केलेला पक्का टॅग घ्या, हँडलच्या खाली थोडं आत, जिथे घासलं जात नाही. आणि कोणी त्याच क्रेटमध्ये संत्री भरून पाठवत असेल तर टॅग वरच्या काठाजवळ हवा, कारण संत्र म्हणजे पाणीच, पाणी लहरी पिऊन टाकतं, फळाला टेकलेला टॅग हाताच्या अंतरावरूनही नीट वाचला जात नाही.

आता पेट्यांचं, कारण तुम्ही कधीतरी तिकडे जाणारच. वेंडरच्या डेमोत रिकामे खोके असतात, तुमच्या गोडाऊनमध्ये भरलेले. तेलाचा १५ लिटरचा टिन घ्या. त्यावर साधं लेबल सरळ चिकटवलं की टॅग मेला, म्हणजे चिप चांगली आहे पण पत्र्याला लागल्यामुळे तिच्यापर्यंत वीज पोहोचत नाही, रीडर अगदी जवळ नेला तरी काही नाही. तेच लेबल टिनच्या कडेला झेंड्यासारखं बाहेर काढून चिकटवलं, म्हणजे चिकट भाग पत्र्यावर आणि चिपवाला भाग हवेत, की लगेच बोलायला लागतं. ऑन-मेटल टॅग मिळतात, त्यांच्या पोटात फोम किंवा सिरॅमिकचा थर असतो, ते पत्र्यावर छान चालतात पण साध्या लेबलच्या कितीतरी पट महाग, टिनला लावून देऊन टाकायची ती वस्तू नाही. गंमत अशी की त्रास पत्र्याचा आहे, तेलाचा नाही, तेच तेल प्लास्टिकच्या बाटलीत असलं की पेटी बऱ्यापैकी वाचली जाते, खाद्यतेल पाण्यासारखं लहरी पीत नाही.

बिस्किटांना लोक सोपा माल समजतात, कोरडा आहे म्हणून. पण पुड्याची ती चकचकीत फिल्म आहे ना, तिच्यावर अॅल्युमिनियमचा थर असतो. पेटीच्या आत तिन्ही बाजूंनी पुडे पुठ्ठ्याला टेकलेले, म्हणजे टॅगच्या मागे पाव इंचावर धातूची भिंत. अशा पेटीत वरच्या झाकणाखाली थोडी पोकळी असते, लेबल तिकडच्या कडेला लावलं की फरक पडतो. प्रत्येक मालाची अशी एक चांगली जागा असते, ती पेटी हातात घेऊन, लेबल चार ठिकाणी लावून, हँडहेल्डने, म्हणजे हातातल्या रीडरने, पॉवर कमी करत करत शोधावी लागते. ज्या जागी सगळ्यात कमी पॉवरला टॅग बोलतो ती जागा. हे काम मालाच्या दर प्रकारामागे (एसकेयू) अर्ध्या तासाचं आहे आणि बहुतेक वेंडर हे करतच नाहीत.

आणि हमाल. पुस्तकातलं सगळं पॅलेट आणि फोर्कलिफ्टवर लिहिलेलं, वाडीत लोडिंग होतं खांद्यावर आणि पाठीवर. माणसाचं शरीर म्हणजे पुन्हा पाणीच. पेटी पाठीवर घेतली आणि टॅग पाठीच्या बाजूला आला की तो गायब. दोन्ही बाजूंना अँटेना लावले तरी उपयोग नाही कारण एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला माल. अशा ठिकाणी वरून खाली झुकवलेला अँटेना आणि पेटीच्या वरच्या कडेजवळचं लेबल हे चालतं. गोल पोलरायझेशनचा अँटेना घ्या, टॅग आडवा आला काय उभा आला काय, वाचला जातो. पेट्या हातगाडीवर लावून दारातून न्यायची सवय लावता आली तर आणखी चांगलं, मधल्या पेटीचा टॅग बाहेरच्या बाजूला येईल असं लावायचं.

न वाचण्यापेक्षा जास्त त्रास नको ते वाचण्याचा होतो, हे कोणी आधी सांगत नाही. दार नंबर एकचा रीडर दार नंबर दोनवर ठेवलेला माल वाचतो. समोरच्या गल्लीतून जाणाऱ्या ट्रकचा फास्टॅग वाचतो. कोणी नवीन टी-शर्ट घालून आला आणि त्यात कंपनीचा टॅग शिवलेला असला तर तोही वाचतो. म्हणून पॉवर जास्तीत जास्त ठेवून खुश व्हायचं नाही, कमी करायची, अँटेना आतल्या दिशेने फिरवायचा, दारात फोटो सेन्सर लावायचा की काही आडवं आलं तेव्हाच रीडर चालू होईल, आणि सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर ठेवायचा की फक्त माझ्या नंबरांच्या मालिकेतलेच टॅग घे. माल आत गेला की बाहेर हे कळायला एकामागे एक दोन अँटेना लागतात, कुठला आधी बोलला त्यावरून दिशा. दाराजवळ ढीग लावून ठेवायची सवय असेल तर ती मोडावी लागेल, तिथे पिवळा पट्टा मारा आणि त्याच्या आत काही ठेवू देऊ नका. इंजिनियरला हेही विचारा की रीडरच्या सेटिंगमध्ये सेशन कुठलं ठेवलं आहे. बरोबर ठेवलं तर एकदा उत्तर दिलेला टॅग काही वेळ गप्प बसतो आणि कमजोर टॅगला बोलायला वाव मिळतो, चुकीचं ठेवलं तर जवळचे दहा टॅगच ओरडत राहतात.

कायद्याचं एक. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून लायसन्सशिवाय मोकळा आहे, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. ट्रान्समीटर १ वॅट, आणि अँटेनातून बाहेर पडणारी पॉवर (ईआरपी) ४ वॅट ही मर्यादा. अमेरिकेत मात्र ९०२ ते ९२८ चालतं, आणि स्वस्तात बाहेरून आणलेले रीडर पुष्कळदा त्याच सेटिंगवर येतात. आपल्याकडे त्या पट्ट्यात मोबाइल कंपन्यांचं काम चालतं, तिथे आपण बोलायचंच नाही, आणि रीडरला सरकारची मंजुरी आहे का तो कागद मागा. टॅग घेतानाही बघा, साधी लेबलं दोन्हीकडे चालतात पण पत्र्यावरचे टॅग एकाच पट्ट्याला जुळवलेले असतात, त्यात युरोपवाला घ्यायचा, अमेरिकेवाला घेतला की इथे रेंज निम्म्यावर येते आणि मग लोक म्हणतात की टॅगच खराब.

नागपूरचा उन्हाळा हा या कामातला मोठा भाग आहे आणि बाहेरून आलेल्या इंजिनियरला तो समजत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर, पत्र्याच्या शेडखाली छताजवळ त्याहून जास्त, आणि रीडर बसवलेला असतो वर, बंद लोखंडी डब्यात, धूळ जाऊ नये म्हणून. रीडरचा स्वतःचा ताप त्यात वेगळा. दुपारी तीनला तो मंदावतो किंवा बंद पडतो, संध्याकाळी आपोआप सुरू होतो, आणि सगळे म्हणतात सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी आहे. रीडर खाली आणा, माणसाच्या उंचीवर, सावलीच्या भिंतीला, फक्त अँटेना वर ठेवा. पण मग केबल लांबते, आणि साध्या बारीक केबलमध्ये दहा-बारा मीटरला निम्मी किंवा त्याहूनही जास्त पॉवर वाटेतच जिरते, म्हणून जाड कमी-लॉसची केबल घ्या, तिथे पैसे वाचवू नका. दुसरं म्हणजे मार्च ते मे आपल्याकडची कोरडी हवा. लेबल प्रिंटरमध्ये रोल सरकताना स्टॅटिक तयार होतं आणि त्यात चिपा मरतात, रोलमधली खराब लेबलं अचानक वाढलेली दिसतील. प्रिंटरला नीट अर्थिंग द्या, रोल ऑफिसमध्ये कूलरच्या खोलीत ठेवा, शेडमध्ये नको, गोंदही तिथे पाझरतो.

नंबराचं काम सुरुवातीलाच नीट करा. टॅगमध्ये मालाचं नाव, किंमत, पार्टी असं काही भरायचं नाही, तिथे ९६ बिटचा एक नंबर असतो, बाकी सगळं सिस्टीममध्ये. वेंडर मनाने काहीतरी सिरीयल टाकून देतात, ते चालवून घेऊ नका, बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस१ इंडियाकडून तुमचा प्रिफिक्स, म्हणजे नंबराचा तुमच्यापुरता सुरुवातीचा भाग, घ्या आणि क्रेटला परतीच्या वस्तूंचा जो ठरलेला फॉर्मॅट आहे, जीआरएआय, तो वापरा. म्हणजे उद्या कंपनीच्या डेपोत तोच टॅग वाचला गेला तरी तो तुमचाच आहे हे कळेल आणि दुसऱ्या कोणाच्या नंबराशी टक्कर होणार नाही. नंबर लिहून झाला की पासवर्डने लॉक करा. प्रत्येक क्रेटवर तोच नंबर क्यूआरमध्ये आणि आकड्यांत छापलेला हवा, टॅग फुटला तर गनने काम चालू राहतं. बारकोड ठेवा म्हणालो ते यासाठीच, आणि पेट्यांवर कंपनीचा बारकोड आहेच, तो फुकटात मिळतो, त्याला सोडायचं कशाला.

शंभर टक्के रीडचं म्हणाल तर तो प्रश्नच तिथे विचारायचा नसतो. दारातून ५० क्रेट गेल्या, रीडरने ४९ वाचल्या, हे चांगलं की वाईट? रीडरसमोर चलन असेल, की या गाडीत ५० जायच्या आहेत, तर लगेच दिवा पिवळा होतो, मुलगा गन घेऊन एक क्रेट शोधतो, अर्ध्या मिनिटात काम झालं. चलनच नसेल तर सगळे टॅग वाचूनही तुम्हाला काही कळलं नाही, नुसती यादी जमा झाली. म्हणून टॅलीत किंवा जे काही वापरता त्यात गाडी लावायच्या आधी चलन बनतं का ते बघा. पुष्कळ गोडाऊनमध्ये गाडी भरल्यावर चलन बनतं, तिथे आरएफआयडी आधी नको, आधी ती सवय बदला. नेट गेलं, लाईट गेली तर रीडरने नोंदी स्वतःजवळ साठवून नंतर पाठवल्या पाहिजेत, हे डेमोत केबल काढून बघा.

हमालांशी आधी बोला, रीडर बसवायच्या आधी. दारावर नवीन डबा लागला की पहिला समज हा होतो की आमच्यावर चोरीचा संशय आहे. त्यांची मजुरी नगावर असते, आणि मोजणीवरून त्यांचंही नुकसान होत असतं, पेट्या जास्त उचलल्या आणि कमी लिहिल्या हे भांडण तुम्हालाही माहीत आहे. रीडरचा आकडा त्यांनाही दिसेल असा डिस्प्ले दारात लावा आणि मजुरीचा हिशोब त्याच आकड्यावर करा. हे केलं तिथे लोक स्वतःहून टॅग बाहेरच्या बाजूला धरतात, नाही केलं तिथे टॅग तुटलेले सापडतात. मला हे तंत्रज्ञानाइतकंच महत्त्वाचं वाटतं आणि वेंडरच्या कोटेशनमध्ये याची ओळ कधीच नसते.

ट्रायल एकाच दारावर, एकाच रूटवर घ्या, आणि जमलं तर मे महिन्यात, भर दुपारच्या लोडिंगला. जो रूट क्रेट सगळ्यात जास्त खातो तो निवडा. त्या रूटच्या सगळ्या क्रेटना टॅग लावा, अर्ध्यांना लावून काही कळत नाही. वेंडरला सांगा की पैसे रीडरच्या संख्येवर नाही, चलन आणि रीड किती गाड्यांना जुळले त्यावर ठरतील. दोन-तीन महिन्यांत कुठल्या पार्टीकडे क्रेट किती दिवस थांबतात त्याची यादी आपोआप तयार होते, ती घेऊन डिपॉझिट लावा किंवा पुढच्या गाडीत रिकाम्या क्रेट आल्याशिवाय भरलेल्या उतरवू नका. क्रेटचा प्रश्न खरा सुटतो तो या यादीने, आणि त्या यादीसाठी हँडहेल्ड एक आणि दारावरचा रीडर एक एवढंच पुरतं.

पेट्यांचा विचार कंपनी स्वतः टॅग लावून माल पाठवायला लागेल तेव्हा करा. तेव्हा टॅगचा खर्च त्यांचा, आणि तुमच्या दारातला रीडर तोच राहील, फक्त फिल्टरमध्ये त्यांचा प्रिफिक्स उघडायचा आणि अँटेना आणखी एक वाढवायचा. म्हणून आता रीडर घेताना चार पोर्टचा, म्हणजे चार अँटेना जोडता येतील असा, घ्या, दोन पोर्टचा नको.